उपासाच्या दिवशी एक गोळी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी वॉर्डातून येऊन पाय वर करून पडले होते. ते म्हणाले, “मॅडम, प्रेरणादायी लिहा. चाळिशीत फार्मसी सोडून एमबीबीएसला जायचं म्हणजे केवढी जिद्द.” मी हो म्हटलं, कारण नाही म्हणायचं तर जास्त बोलावं लागतं, आणि दिवसभर उभं राहिल्यावर तेवढी ताकद उरत नाही. आता लिहायला बसले तर लक्षात येतं, प्रेरणा द्यावी असं माझ्याजवळ फारसं काही नाही. टाचा दुखतात, चष्म्याचा नंबर वाढलाय, आणि शरीररचनेचं पुस्तक मी चार वेळा वाचून चारही वेळा विसरले आहे. तरी लिहिते, कारण एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

पंधरा वर्षं मी बुऱ्हाणपुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात औषधं दिली. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं चांगली होती आणि चूक माझी होती.

औषधाची खिडकी बाहेरून सगळ्यांनी पाहिलेली असते, आतून फार थोड्यांनी. आमच्या खिडकीच्या काचेला कमरेच्या उंचीवर एक अर्धगोल भोक होतं. बोलायचं तर माणसाला वाकावं लागे, आणि आजारी माणूस किती वेळ वाकणार? त्यामुळे मला तोंडं कमी दिसायची, हात जास्त. चिठ्ठी घेऊन हात आत यायचा, पुडी घेऊन बाहेर जायचा. हळूहळू मी माणसं हातांवरून ओळखायला लागले. पॉवरलूमवाल्यांच्या मनगटाच्या केसांत कापसाची फुसं अडकलेली असत. केळीच्या बागेत राबणाऱ्यांच्या बोटांवर चिकाचे काळे डाग, काही केल्या न जाणारे. लूमवाले ओरडून बोलत, कारण मागाच्या खडखडाटात त्यांचे कान गेलेले. एक रिटायर्ड मास्तर दर महिन्याला भांडायला येत. “पिछले महीने गुलाबी थी, अब सफेद कैसे?” कंपनी बदलली की रंग बदलतो, औषध तेच राहतं, हे मी त्यांना नऊ वर्षं समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

डॉक्टर लिहितो आणि आम्ही देतो, एवढंच काम नसतं. दिलेली गोळी माणूस घरी जाऊन कशी घेणार, हे आम्हाला बघावं लागतं. ‘दिवसातून दोनदा’ हे कागदावर सोपं दिसतं. ज्याच्या घरात घड्याळाकडे कुणी बघत नाही त्याला ते कसं सांगायचं? मी माझी पद्धत बसवली होती. लूमवाल्याला सांगायचे, पाळी चढताना एक, पाळी सुटताना एक. मोमीनपुऱ्याकडच्या बायांना पहाटे फजरच्या नमाजानंतर एक, संध्याकाळी मगरिबनंतर एक. आमच्या बायकांना सकाळी तुळशीला पाणी घालताना एक, संध्याकाळी दिवा लावताना एक. माणूस घड्याळ विसरतो, रोजचा रिवाज विसरत नाही, हे माझं ठरलेलं वाक्य. नवीन मुली कामावर आल्या की मी त्यांना ते ऐकवायचे. रमजान लागायच्या आधी आठवडाभर मी सगळ्यांच्या वेळा बदलून द्यायचे, कुणी न सांगता. याचा मला अभिमान होता. होता म्हणते, कारण आता त्या शब्दाची धास्ती वाटते.

सिंधूबाई जवळच्या दापोरा गावची. पन्नाशी उलटलेली. घरची केळीची बाग, त्यामुळे बोटांवर चिकाचे डाग, आणि त्या डागांच्या वर सुजलेली, लालसर पेरं. आमवात. आमच्या फिजिशियन साहेबांनी तिला मेथोट्रेक्सेट नावाची गोळी लिहिली. सांध्यांसाठी ही गोळी चांगली, पण आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर विष. तोंड आतून सोलून निघतं, रक्तातल्या पेशी कमी होतात, माणूस जातो. म्हणून तिच्याबरोबर फॉलिक ॲसिडची बारीक पिवळी गोळी देतात, ती बाकीच्या दिवशी घ्यायची. मोठीचा त्रास ती कमी करते.

गणपती उठून दोन दिवस झाले होते. सिंधूबाई खिडकीत वाकली. मी विचारलं, “मावशी, उपास करता का?”

“गुरुवारचा करते ना. बारा वर्सं झाली.”

“मग सोपं आहे. ही गोळी उपासाच्या दिवशी एक. बाकीच्या दिवशी ही पिवळी. उपासाच्या दिवशी पिवळी नाही. काय सांगितलं, सांगा बरं?”

“उपासाच्या दिवशी ही, बाकी दिवशी पिवळी.”

“शाबास,” मी म्हटलं. तिला नाही, मनात स्वतःलाच. दहा गोळ्यांची पट्टी दिली आणि पुढची चिठ्ठी ओढली.

पुढे काय झालं असेल ते वाचणाऱ्याला आत्ताच कळलं असेल. मला पंधरा वर्षांच्या अनुभवानंतरही कळलं नाही. पितृपक्षातल्या दोन गुरुवारी तिने दोन गोळ्या घेतल्या. मग घट बसले. दापोऱ्याची बाई, नऊ दिवस कडक उपास. उपासाच्या दिवशी एक गोळी. पिवळी बंद.

सहाव्या माळेला ती माझ्या खिडकीवर आली. चिठ्ठी नव्हती. डॉक्टरकडे जायचं तर नंबर लावावा लागतो, खिडकीवर नुसतं वाकलं की झालं. म्हणाली, “मॅडम, तोंड लई आलं हाये. साबुदाना बी गिळवत नाही. काही लावायचं द्या ना.” तिच्या मागे रांग दारापर्यंत होती. मी म्हटलं, “उपासाची उष्णता आहे, मावशी. शेंगदाणे बंद करा, थंड दूध घ्या.” आणि तोंडाला लावायचं जेल दिलं. मी स्वतः त्या नवरात्रात नऊ दिवस उपाशी होते. रमजानची आठवण ठेवणाऱ्या बाईला आपल्याच घरातले घट दिसले नाहीत. जेल घेऊन गेल्यावर सिंधूबाईने आणखी दोन गोळ्या घेतल्या. आठव्या माळेला पट्टी संपली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला रिक्षात आडवी घालून आणलं. ताप, ओठांवर रक्ताच्या खपल्या, तोंड मिटवत नव्हतं. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा साहेबांनी माझ्याकडे उतारा असलेलं इंजेक्शन मागितलं. ते आमच्याकडे नव्हतं. मी चार फोन करून जळगावहून मागवलं आणि बाटल्या घेऊन स्वतः वॉर्डात गेले. साहेब विचारत होते, “हफ्ते में एक बोला था ना? रोज क्यों खाई?”

सिंधूबाईला बोलता येत नव्हतं. तिची सून रेखा पायाशी उभी होती. ती म्हणाली, “साहेब, आमच्या आत्याबाई अडाणी हायेत. त्यांना समजलं नसन.” सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. साहेबांनी मान हलवली आणि केसपेपरवर लिहिलं, रुग्णाने औषध चुकीच्या पद्धतीने घेतले.

मी बाटल्या हातात धरून उभी होते. एका वाक्याचं काम होतं. सिंधूबाईने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, ती फक्त माझ्या बोलण्याची वाट बघत होती. मी नर्सच्या हातात बाटल्या दिल्या, किती वेळाने द्यायचं ते सांगितलं आणि खाली खिडकीवर आले. पुढचे बारा दिवस मी रोज वॉर्डात जात होते. रक्ताचे आकडे सुधारत होते आणि मी बोलत नव्हते. तेराव्या दिवशी तिला घरी सोडलं.

ती वाचली. एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर मीही सुटले असते. पण दापोऱ्याचा एक केळीवाला आमचं जुनं गिऱ्हाईक. तो रक्तदाबाची गोळी न्यायला आला की गावचं सांगायचा. सिंधूबाईने सांध्यांची गोळी कायमची बंद केली, म्हणते मले समजत नाही. घरातली सगळी औषधं आता सून ठेवते. मग नातीला खोकल्याचं औषध पाजणं सासूकडून काढून घेतलं. मग कोठीच्या चाव्या काढून घेतल्या, उगाच काही उलटसुलट करील म्हणून. आणि हात? “हात तर वाकडे होऊन राहिले, मॅडम. भाकर नाही थापू शकत आता.” मी त्याला गोळ्या दिल्या आणि पुढच्याची चिठ्ठी घेतली.

त्याच सुमारास वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची कमाल वयाची अट रद्द झाली. माझी मुलगी अकरावीला होती. तिची पुस्तकं घरात होतीच, मीही त्यातच डोकं घातलं. लोक विचारतात, का? मी वेगवेगळी उत्तरं देते. खिडकीमागून रोगी दिसत नाही, समोर बसवून तपासायचा होता. डॉक्टरने पूर्ण चौकशी करायला हवी, तशी डॉक्टर व्हायचं होतं. यातलं खोटं काही नाही. पण वय वाढलं की माणसाला स्वतःची उत्तरं ऐकून कंटाळा येतो. दापोऱ्याला जायला रिक्षाने अर्धा तास लागतो. तो अर्धा तास टाळण्यासाठी मी साडेपाच वर्षांचा अभ्यास पत्करला, हे खरं उत्तर.

दुसऱ्या खेपेला नंबर लागला, शेजारच्या जिल्ह्यातल्या सरकारी कॉलेजात. पहिल्या दिवशी दारावरच्या गार्डने मला अडवलं. “मैडम, पैरेंट्स उधर बैठेंगे.” मी ओळखपत्र दाखवलं. त्याने फोटो बघितला, मला बघितलं, आणि खुर्ची देऊ का म्हणून विचारलं. शिंगं मोडून वासरांत शिरायचं म्हणतात, पण शिंगं मोडताना दुखतं हे कुणी सांगत नाही. वर्गात मी आंटी. पलक नावाची इंदूरची एक मुलगी तेवढी दीदी म्हणते. फार्माकॉलॉजीच्या तासाला सगळे माझ्या भोवती बसायचे, कारण औषधांची नावं मला तोंडपाठ. पण माझ्या डोक्यात ती कपाटाच्या क्रमाने होती, कुठल्या खणात काय. ती शरीरात जाऊन काय करतात, हे मी पंधरा वर्षं अंदाजाने सांगत होते. रात्री वाचायला बसले की ओळीवरून डोळा घसरतो. शनिवारी गाडीने घरी यायचं, भाजी निवडता निवडता झोपायचं, सोमवारी पहाटे परत. ह्यांनी कधी तक्रार केली नाही. केली असती तर भांडून जरा हलकं वाटलं असतं.

आणि इथे येऊन काय कळलं? डॉक्टरच्या टेबलालाही रांग असते. एका रोग्याला तीन मिनिटं मिळतात. काच नाही, एवढाच फरक.

आता शेवटचं वर्ष सुरू आहे. यंदा श्रावण संपता संपता मेडिसिनच्या सरांनी आमवाताची एक बाई दाखवली आणि विचारलं, “हफ्ते में एक बारवाली गोली है. मरीज पढ़ी-लिखी नहीं है. कैसे समझाओगे?”

पलकने हात वर केला. “सर, उसकी किसी हफ्तेवाली आदत से जोड़ देंगे. जैसे व्रत का दिन.”

“व्हेरी गुड,” सर म्हणाले.

माझा हात आपोआप वर गेला. मी सांगितलं, असं करू नका. एका फार्मासिस्टने असं केलं होतं. मग नवरात्र, आठ गोळ्या, तोंडाचं जेल, सगळं सांगितलं. सर म्हणाले, हे सगळ्यांनी वहीत लिहून घ्या. मुलांनी लिहून घेतलं. मला वाटलं, झालं, फिटलं. चुकीतून धडा तयार झाला, आणखी काय पाहिजे?

कँटीनमध्ये पलक समोसा घेऊन माझ्यासमोर बसली. “दीदी, वो फार्मासिस्ट आप थीं ना?”

मी हो म्हटलं.

“फिर आपने उस अम्मा को बताया?”

ती माझ्या मुलीएवढी. तिने टोचायला विचारलं नव्हतं, तिला खरंच पुढचं ऐकायचं होतं. मी समोशाचा तुकडा मोडला आणि ताटलीत तसाच ठेवला.

त्या रविवारी मी दापोऱ्याला गेले. रिक्षा केळीच्या बागांमधून जाते, दोन्ही बाजूंना पानं आत येतात. घर विचारत गेले. रेखाने दार उघडलं, तिच्या कमरेला चाव्यांचा जुडगा होता. सिंधूबाई ओसरीत खाटेवर बसली होती. मी आधी हातांकडेच बघितलं. बोटं करंगळीच्या बाजूला वळली होती, पेरांवर गाठी. चिकाचे डाग मात्र गेले होते. हातांना काम राहिलं नव्हतं ना.

“दवाईवाली मॅडम ना?” ती म्हणाली. “बस. डॉक्टर होऊन राहिली म्हनतात.”

मी बसले नाही. बसले असते तर चहा आला असता, आणि चहानंतर हवापाण्याच्या गप्पा. मी उभ्यानेच सांगितलं. “मावशी, गोळ्यांचं तुम्ही चुकला नव्हता. उपासाच्या दिवशी एक, असं मीच सांगितलं होतं. नवरात्र तोंडावर आलं होतं, ते माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. वॉर्डात साहेब तुम्हाला बोलले तेव्हा मी तिथेच उभी होते. मी गप्प राहिले.”

ती खाटेवर जरा पुढे सरकली. मग म्हणाली, “परत सांग.”

मी परत सांगितलं.

“उपासाच्या दिवशी एक. असंच म्हटलं होतं ना तू?”

“असंच.”

“आन् माझा उपास होता.”

“होता.”

“म्हंजे मी बरोबरच घेतल्या होत्या.”

मला वाटलं होतं ती चिडेल, रडेल, निदान जा म्हणेल. तिने फक्त आत हाक मारली. “रेखा, इकडे ये. मॅडम, हिच्यासमोर सांग.” मी रेखासमोर सांगितलं. रेखा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग मुलगा शेतातून आला. त्याच्यासमोर सांगायला लावलं. जेलचं सांगायचं मी विसरले, तर सिंधूबाईने मध्येच थांबवलं. “तोंडाले लावाचं दिलं, ते बी सांग.” शेजारची बाई ताक मागायला आली, तिलाही बसवलं. त्या दुपारी मी ती गोष्ट पाच वेळा सांगितली. दर वेळी ती माझ्या तोंडाकडे बघत ऐकायची, एखादा शब्द गळतो का म्हणून.

मुलगा म्हणाला, “आमची आई मरून गेली असती, मॅडम.”

“हो.”

“आन् तुमी आता डॉक्टर होऊन राहिले.”

मी पुन्हा हो म्हटलं. तो उठून बैलांना पाणी पाजायला गेला.

निघताना मी सिंधूबाईला सांगितलं, आमच्या सरांकडे या, मी बरोबर राहीन. बोटं सरळ होणार नाहीत, पण दुखणं कमी होईल, पुढचं वाकणं थांबेल. गोळी बहुतेक तीच देतील. घ्याल का?

“घेईन. पन उपासाचं नाव नको. वार ठरवून दे.”

“कोणता?”

“इतवार. आज आली ना तू, ध्यानात राहीन.” मग ती रेखाकडे वळली. “आन् गोळी माझ्याजवळ राहीन. चाब्या बी दे.”

रेखाने कमरेचा जुडगा काढून सासूच्या हातावर ठेवला. सिंधूबाईने मूठ मिटायचा प्रयत्न केला. बोटं अर्ध्यावर थांबली आणि जुडगा घसरून मांडीवर पडला. तिने तो दोन्ही तळहातांमध्ये धरून उचलला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला, आणि रेखाला म्हणाली, “खोच माझ्या कमरेले.” रेखाने वाकून खोचला.

पंधरा वर्षं मी लोकांचे हातच बघत आले. त्या हातांकडे मला बघवत नव्हतं, तरी बघितलं.